न बांधलेला फास

किबुंगा गावात बायकांच्या डोहाकडे पुरुषानं फिरकायचं नाही, असा दंडक आहे. वांबा नदीला मिळणारा ओहोळ गावाच्या खालच्या अंगाला ठिकठिकाणी अडवून बायकांनी डोह केलेत, प्रत्येकीचा आपापला. त्यात कसावाचे कंद भिजत पडलेले असतात. त्या आंबूस वासाच्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहून बायका जे बोलतात, ते नवऱ्यांच्या कानावर गेलं तर निम्मे संसार मोडतील. म्हणून पुरुष तिकडे जात नाहीत. त्सकाला गेला. आयुष्यात एकदाच गेला आणि तेवढं जाणं त्याला जन्माचं पुरलं.

हा त्सकाला फास लावून शिकार करणारा. पामच्या धाग्यांचा दोर वळायचा, एखादं झुडूप वाकवून त्याला बांधायचा आणि जनावरांच्या वाटेवर अशी गाठ मांडायचा, की लहान हरिण त्यात पाय टाकून जितकं ओढेल तितकी ती आवळत जाई. स्वतः मात्र ती एका बोटानं सोडवी. बोलणं बेताचं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही हाती लागलं नाही. दुसरी करण्याबद्दल लोकांनी खूप सांगून पाहिलं, पण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रानात निघून गेला. गावच्या बायका म्हणायच्या, ‘ह्याला हरिणीच पुरतात.’

त्याची धाकटी बहीण न्सोना. तिचा नवरा सरहद्दीपलीकडे हिऱ्यांच्या खाणीवर गेला तो गेलाच. सासरच्यांनी काही दिवस वाट पाहिल्यासारखं केलं आणि मग हिच्याकडेच अशा नजरेनं बघायला लागले, जणू हिनंच त्याला कुठं लपवून ठेवलंय. शेवटी न्सोना पोरीला कडेवर मारून भावाच्या दारात येऊन उभी राहिली. त्सकालानं ‘का आलीस’ असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या झोपडीला लागून खांब रोवायला घेतले. न्सोना ती आठवण कुणाला सांगताना नेहमी तिथेच थांबायची. पुढचं तिच्याच्यानं बोलवत नसे.

पोरीचं नाव लुझोलो. गावात रिवाज असा, की शिकारीची मागची तंगडी मामाच्या घरी मानाची म्हणून पोचवायची. त्सकालाचं सगळंच उलटं. हा मामाच भाचीच्या घरी तंगडी पोचवायचा. हरिण नसेल तर रानउंदीर, तेही नसेल तर नदीतली धूर दिलेली मासळी. लुझोलो त्याच्या मागं मागं हिंडे. त्यानं तिला ती गाठही शिकवली होती.

‘पोरीच्या जातीला फास कशाला शिकवतोस, दादा?’ न्सोना म्हणायची.

‘नवरा पळाला तर पाय धरून ठेवील,’ त्सकाला म्हणायचा. वर्षाकाठी त्याचा विनोद तेवढाच.

आता कंदाचं. आपण उपासाला साबुदाणा खातो तो ह्याच कंदाचा, पण किबुंग्याचा वाण कडू. कडू म्हणजे नुसता जिभेला कडू नव्हे, त्याच्या गरात विष असतं. ते असतं म्हणूनच रानडुकरं शेत उकरत नाहीत, चोर रात्रीतून कंद उपटून कच्चे चावत नाही आणि वाळूसारख्या जमिनीतही हे पीक माणसाला जगवतं. विष काढायचं ते पाण्यानं. कंद डोहात घातला की हळूहळू आंबतो, मऊ पडतो, आतलं कडू पाण्यात उतरतं. मग सोलायचा, छपरावर वाळवायचा, कुटून पीठ करायचं आणि उकळत्या पाण्यात घोटून त्याचा घट्ट गोळा करायचा. त्या गोळ्याला लुकू म्हणतात. लुकू पोटात नसेल तर इथला माणूस ‘जेवलो’ म्हणत नाही, मग बाकी पंचपक्वान्नं खाल्लेली असोत.

कंद झाला की नाही हे अंगठ्यानं ओळखायचं. न्सोनाच्या आईनं दोन्ही लेकरांना दाखवलं होतं: कंदावर अंगठा ठेवायचा, तो आपल्या वजनानं आत गेला पाहिजे. रेटावा लागला तर कंद परत पाण्यात.

एका वर्षी केंगे शहरापासूनचा रस्ता दुरुस्त झाला आणि किबुंग्यात ट्रक यायला लागला. व्यापारी कसावाच्या वाळल्या चकत्या पोत्यांनी उचलायचा. त्याला पांढऱ्याशुभ्र चकत्या हव्यात, वास नको आणि थांबायला वेळ नाही. जी बाई तयार तिचं पोतं चढायचं, बाकीच्या धूळ खात बघत राहायच्या. बायकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. आधी थोडं लवकर, मग आणखी लवकर असं करत कंद पाण्यातून निघू लागले. शहरातल्या माणसाला ते बाधत नव्हतं, त्याच्या ताटात सोबत मासे असतात, घेवडा असतो. शिवाय त्या साली पावसानं ओढ दिली. पाणी कमी पडलं की हा कंद जास्तच कडू होतो. न्सोनाला लुझोलोसाठी मिशनच्या शाळेचा गणवेश शिवायचा होता. पोर हुशार होती. आईनं पोरीसाठीच घाई केली, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं लोक ते विसरतात.

त्या दिवशी बायका डोहात उतरलेल्या. मालेंबे, म्हणजे न्सोनाची शेजारीण, जिच्या जिभेला हाड नाही, ती काहीतरी चावट सांगत होती आणि हशा पिकला होता. तेवढ्यात काठावर त्सकाला.

‘अगं बाई, पुरुष!’ मालेंबे ओरडली. ‘का रे, रानातल्या हरिणी संपल्या?’

त्सकालानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ पाण्यात उतरला, न्सोनाच्या टोपलीतला एक कंद उचलला आणि त्यावर अंगठा ठेवला. अंगठा रुतेना. दुसरा उचलला. तोही तसाच. त्यानं दोन्ही कंद परत डोहात टाकले, मग अख्खी टोपलीच पाण्यात पालथी केली.

‘दादा! वेड लागलं का तुला? ट्रक उद्या येतोय!’

‘येऊ दे. आईनं काय शिकवलं होतं?’

‘आईच्या वेळी ट्रक नव्हता. आणि तू कोण मला शिकवणार? बायांच्या पाण्यात उतरलास, लाज आहे का?’

सगळ्या बायका बघत होत्या. त्सकाला बोलायला लागला की त्याला शब्द सापडायचे नाहीत, आणि राग आला की भलतेच सापडायचे.

‘खा मग,’ तो म्हणाला. ‘खा असले कच्चे. खाऊन चालता येतंय का बघू.’

आणि ओले पाय आपटत निघून गेला. न्सोनानं भरल्या डोळ्यांनी कंद पुन्हा गोळा केले. चारचौघींत झालेला अपमान तिला जिव्हारी लागला होता. संध्याकाळी त्सकालानं नेहमीप्रमाणे हरिणाची तंगडी पाठवली, ती तिनं त्याच्या दारात नेऊन टाकली. ‘आमचं आम्ही कमावतो,’ असं म्हणाली. तो आत बसून दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही आणि पुढं पुन्हा काही पाठवलं नाही. तो पूर्ण कोरडा ऋतू मायलेकींनी लुकू आणि कसावाचाच पाला खाऊन काढला. चांगल्या पांढऱ्या चकत्या ट्रकमध्ये गेल्या. उरलेले तुकडेताकडे घरात कुटले गेले.

आणि एके सकाळी लुझोलोला उठता येईना.

आदल्या दिवशी तिनं डोक्यावर पोतं घेऊन ट्रकपर्यंत दोन खेपा केल्या होत्या. थकली असेल, असं वाटून न्सोनानं तिला दटावलं. ‘ऊठ, सोंगं पुरे.’ पोर उठायला गेली आणि पाय लाकडासारखे ताठ होऊन थरथरायला लागले. न्सोनानं काखेत हात घालून उभं केलं, तर गुडघे एकमेकांत अडकले, टाचा टेकेनात, आणि पोर चवड्यांवर उभी राहून आईच्या अंगावर कोसळली. ताप नाही, दुखणं नाही. ‘आई, माझे पाय कुणीतरी धरलेत,’ असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

गावात म्हाताऱ्यांना हा आजार ऐकून ठाऊक होता. त्याला कोंझो म्हणतात. कोंझो म्हणजे जनावराचे पाय बांधणारा मंतरलेला फास. नावच असं, मग संशयाला लांब जायची गरज काय? गावात फास बांधणारा एकच होता. तो बायांच्या डोहात उतरला होता, आणि ‘चालता येतंय का बघू’ हे त्याचे शब्द सगळ्यांनी ऐकले होते. त्यातून तो मामा. मामाचा आशीर्वाद फळतो तसा मामाचा राग भाचीच्या अंगात उतरतो, हे इथं दूधपित्या लेकरालाही माहीत असतं.

‘मी सांगत नव्हते?’ मालेंबे दारात उभी राहून म्हणाली. ‘मुकी माणसं आतून पिकलेली असतात.’

न्सोनाला ते पटलं. पटवून घेण्यात सुख नव्हतं, पण एक आशा होती. जो बांधतो तो सोडवू शकतो.

बातमी कळली तसा त्सकाला धावत आला. चटईवर पडलेल्या पोरीजवळ बसला, तिचा पाय हातात घेतला, गुडघा वाकवून पाहिला. मग त्यानं घरभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या पिठाच्या टोपलीचं झाकण काढलं, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि लगेच थुंकला.

‘हात लावू नको माझ्या पिठाला!’ न्सोना किंचाळली.

त्सकालानं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. दारात मालेंबे उभी होती, तिच्यामागं आणखी दोघी. त्यानं ते गिळलं.

‘हे पीठ फेकून दे,’ तो एवढंच म्हणाला, आणि गेला.

न्सोनानं ते फेकलं. त्याचा हात लागला म्हणून फेकलं.

मुखिया लुकोकीनं आंब्याखाली सभा बसवली. त्सकाला मधोमध उभा. लुकोकी माणूस वाईट नव्हता, पण सगळा गाव एका तोंडानं बोलायला लागला की मुखियाचं तोंडही त्याच दिशेला वळतं.

‘त्सकाला, पोरीला बांधलंस ते सोड. बाकी आम्ही काही म्हणत नाही.’

‘मी बांधलेलं नाही.’

‘मग कुणी?’

तेव्हा न्सोना उठली आणि सगळ्यांसमोर भावाच्या पायाशी बसली.

‘दादा, मी तंगडी परत केली, चुकले. तोंड सोडलं, चुकले. माझे पाय घे हवे तर. पोरीचे सोड.’

‘न्सोना, मी बांधलंच नाही तर सोडू काय?’

‘मग तिचे पाय कशानं गेले, सांग ना! तूच सांग!’

सगळे त्याच्याकडे बघत होते. न्सोनाही बघत होती. तिला तो क्षण पुढं इतक्या वेळा आठवला, की झिजून जायला हवा होता, पण झिजला नाही. त्सकालानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग घरातून उचलून आणून आंब्याच्या मुळाशी टेकवलेल्या पोरीकडे पाहिलं. पोरीनं आईच्या कंबरवस्त्राचा पदर मुठीत धरला होता.

‘मी बांधलं,’ तो म्हणाला.

सभेत जी ओरड झाली तिच्यात पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. मग रिवाजाप्रमाणे त्यानं कमरेचा फास काढला, लुझोलोच्या गुडघ्यांवर धरला आणि तिच्या डोळ्यांदेखत ती गाठ एका बोटानं सोडली. कोला फळ चावून त्याची फुंकर तिच्या पायांवर मारली. ‘जे बांधलं ते सोडलं,’ असं म्हणाला. लुझोलो त्याच्याकडे बघून हसली. मामाची गाठ तिला ठाऊक होती, ती अशीच सुटते. ती दोन्ही हात टेकून उठली, चवड्यांवर उभी राहिली, आणि तोंडावर पडली.

‘कपटी!’ मालेंबे ओरडली. ‘कबूल करतो आणि सोडत नाही!’

त्याची झोपडी त्याच दिवशी जाळली. ठिणग्या न्सोनाच्या छपरावर उडत होत्या आणि ती पाणी मारत होती, आपल्या छपरावर. गावाबाहेर जाताना त्सकाला फक्त एकदा थांबला. ‘जातो,’ म्हणाला, ‘पण डोहावर अंगठा विसरू नका.’ लोकांना तीही धमकीच वाटली. बायका छाती बडवत मागं सरल्या. त्या दिवसापासून न्सोना भीतीपोटी कंद बोटभर जास्तच मऊ होऊ देऊ लागली. इतरजणी चार दिवस घाबरल्या, मग ट्रकचा भोंगा वाजला.

पुढच्या काही कोरड्या ऋतूंत आणखी पाय गेले. मालेंबेचा धाकटा मुलगा गेला चवड्यांवर, मडकी करणारी बाईही गेली. किती घरं सांगणार! गाव म्हणे, त्सकाला नदीपलीकडून फास टाकतोय. तो पलीकडच्या होडीच्या धक्क्याशी राहतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अधूनमधून होडीवाला पानात बांधलेलं धूर दिलेलं मांस आणून न्सोनाच्या दारात ठेवायचा, कुणी पाठवलं ते न सांगता. न्सोना ते कुत्र्यांना टाकायची. गावात सगळ्यात गुबगुबीत कुत्री तिच्या दाराशी होती.

लुझोलो दोन काठ्यांवर चालायला शिकली. हा आजार वाढत नाही आणि बराही होत नाही, जिथं आणून सोडतो तिथंच ठेवतो. उठताना तिला आईचा खांदा लागे. शाळा लांब, ती राहिली. वयात आली, दिसायला देखणी निघाली, आणि तोंडानं अशी तिखट झाली की तिच्या पायांना हसायची कुणाची छाती नव्हती. पण मामाचं नाव निघालं की तिचा चेहरा दगड व्हायचा.

‘परक्यानं बांधलं असतं तर समजलं असतं,’ ती म्हणायची. ‘तो सोडतो म्हणाला, आई. माझ्याकडे बघून म्हणाला. आणि सोडलं नाही.’

मग काबांगु आला. आरोग्यकेंद्रातला परिचारक, मोटारसायकलवर फिरणारा, घामेजलेला, हसरा माणूस. त्यानं घरोघरचं पीठ छोट्या बाटल्यांत घातलं, वर पिवळ्या कागदाची पट्टी लटकवली आणि बाटल्या बंद करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना बोलावलं. मालेंबेच्या बाटलीतला कागद मातीसारखा तपकिरी झाला होता. न्सोनाचा पिवळाच.

‘कागद जितका काळवंडला तितकं पिठात विष,’ काबांगु म्हणाला. ‘कुणी टाकलेलं नाही. कंदाचंच आहे. तुम्ही त्याला पाण्यात उतरायला वेळ देत नाही.’

‘मग ह्या पिठाचं काय करू? पुरून टाकू?’ मालेंबेनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

‘पुरू नका. पाणी घालून ओलं करा, चटईवर पातळ पसरा, सावलीत अर्धा दिवस राहू द्या. उरलंसुरलं विष वाफ होऊन उडून जातं. मग नेहमीसारखा लुकू करा.’

बायका पांगल्या. न्सोना तिथंच बसून राहिली.

‘आणि तेव्हाचं?’ तिनं विचारलं.

‘कधीचं, बाई?’

‘रस्ता झाला त्या सालचं. माझ्या पोरीचे पाय गेले तेव्हाचं.’

काबांगु भला माणूस होता, पण समोरच्या प्रश्नात काय आहे ते त्याला कुठून कळावं? ‘ते पीठ आता कुठून आणणार? पण कंद कच्चा काढला असेल, आणि सोबत मांसमासळी काही नसेल, तर कागद कशाला हवा? शरीराला ते विष मारायला मांसामाशातलंच काहीतरी लागतं. नुसता लुकू खाणाराच आधी पडतो.’

‘मांस,’ न्सोना म्हणाली.

‘हो. थोडं असलं तरी चालतं.’

ती उठली आणि घरी गेली. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं. ती चुलीशी बसली, आणि जी तंगडी तिनं भावाच्या दारात फेकली होती, तिचा वाससुद्धा तिला आला.

गावाचं म्हणाल, तर गावानं आपली सोय बघितली. मालेंबेच्या पोराचं खापर पिठावर फुटलं, मडकीवालीचंही. लुझोलोचं मात्र नाही. ‘तिचं वेगळं,’ लुकोकी म्हणाला. ‘तिथं त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय.’

न्सोना पोरीला ‘मासळी आणायला जाते’ असं सांगून होडीनं पलीकडे गेली. त्सकालाची झोपडी धक्क्याच्या वरच्या अंगाला होती. तो दारात बसून कंद सोलत होता. बायकांचं काम, तो एकटा करत होता. केस पांढरे झाले होते, छाती भात्यासारखी वाजत होती. त्यानं बहिणीला पाहिलं, आणि जणू ती कालच येऊन गेली होती अशा आवाजात म्हणाला, ‘बस. लुकू गरम आहे.’

‘दादा, ते पीठ होतं. माझं पीठ.’

त्यानं सोललेला कंद टोपलीत टाकला.

‘मला ठाऊक होतं,’ तो म्हणाला. ‘चाखलं होतं ना मी.’

‘मग बोलला का नाहीस? सभेत मी विचारलं तुला! पायाशी बसून विचारलं!’

‘काय बोलायला हवं होतं? आईनंच पोरीचे पाय घालवले, असं? तेही त्या लोकांपुढं?’ त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली. ‘तुझं घर जाळलं असतं त्यांनी. पोर कुणाच्या पदराला धरून राहिली असती? लेकराला आई लागते, न्सोना. मामावाचून भागतं.’

न्सोना रडली. आवाज न करता रडायची तिला सवय झाली होती, ती तिथं मोडली. त्सकालानं तिच्यापुढं पान ठेवलं, त्यावर लुकू आणि मासळीचा तुकडा ठेवला. ती रडत रडत जेवली, कारण त्यानं वाढलं होतं.

‘चल घरी. मी सगळ्यांना सांगते.’

‘गावाला खुशाल सांग. गावाचं काय! पण पोरीला काय सांगशील?’ तो म्हणाला. ‘ती तुझा खांदा धरून उठते ना?’

‘हो.’

‘मग धरू दे. राग यायला तिला मी आहे.’

न्सोना परत आली. सांगायचं ठरवून आली आणि सांगितलं नाही. रोज सकाळी पोरीचा हात खांद्यावर पडे, आणि तिला वाटे, आज नको. मी तिला दोष देत नाही. ज्यांना द्यायचा असेल त्यांनी असा हात खांद्यावर घेऊन बघावा. मात्र दाराशी येणारं मांस आता कुत्र्यांना जात नव्हतं. ‘कुणाचं गं हे?’ लुझोलो विचारी, आणि न्सोना म्हणे, ‘होडीवाल्याकडून घेतलं.’

असे काही महिने गेले. एका सकाळी होडीवाला आला तो मोकळ्या हातांनी. अंगणात लुझोलो भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

‘त्सकाला गेला,’ तो न्सोनाला म्हणाला. ‘आज माती देतायत. आमच्याकडच्या लोकांनी खड्डा खणलाय, पण... तुमच्याकडचं कुणी येणार नाही, ना?’

फास टाकणाऱ्याला कुणी रडत नाही, असा इथला रिवाज. होडीवाल्यानं म्हणूनच तसं विचारलं. न्सोना काही बोलायच्या आत लुझोलोनं हातातली शेंग फोडली, टरफलं फेकली.

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘मेला एकदाचा. आई, उठव मला. आज चांगलं कालवण कर.’

तिनं आईच्या खांद्यावर हात टाकला आणि उठली. न्सोना तशीच वाकलेली राहिली. त्सकालानं सांगितलेलं सगळं तिला आठवत होतं. पण तो मातीखाली जाणार, आणि त्याच्यावर शेवटचे शब्द पडणार ते हे, एवढं तिला सोसवेना.

‘लुझोलो,’ ती म्हणाली, ‘मामानं नाही बांधलं. कंद मी कच्चा काढला होता. मांस त्यानं पाठवलेलं, ते मी परत केलं. तुझे पाय माझ्या हातानं गेले. त्याला ठाऊक होतं. तुला आई राहावी म्हणून तो बोलला तसं.’

होडीवाल्यानं मान खाली घातली. लुझोलोचा हात अजून आईच्या खांद्यावर होता. त्याची बोटं एकदा इतकी आवळली, की न्सोनाला वाटलं ती आता मारेल. तिनं मारायला हवं होतं.

‘हे मांस?’ लुझोलोनं विचारलं. ‘होडीवाल्याचं?’

‘त्याचंच. तेव्हापासून त्याचंच.’

लुझोलो रडली नाही. तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला, दोन्ही काठ्या ओढून घेतल्या आणि धक्क्याच्या वाटेला लागली. ती वाट उताराची, सगळी भुसभुशीत वाळू. काठ्या रुतत होत्या, गुडघे एकमेकांवर आपटत होते. गावातले लोक दारांत येऊन उभे राहिले. ‘कुठं निघालीस गं?’ मालेंबेनं विचारलं. ‘मामाला माती द्यायला,’ लुझोलो मोठ्यानं म्हणाली आणि थांबली नाही.

न्सोना मागून चालत होती. हाक न मारता, पोर पडलीच तर उचलता येईल एवढ्या अंतरावर.